पोह्यांआधीची कॅप्सूल

सोयाबीन खळ्यावर आली आणि दिवाकर कानडेच्या उजव्या हाताने रिकामं बसायला नकार दिला.

कामाबद्दल हाताची तक्रार नव्हती. दाताळं दिलं की सोयाबीन पसरायचा, टोपलं दिलं की उचलायचा. पण चहा येईपर्यंत दिवाकर ओट्यावर टेकला, हात मांडीवर ठेवला, की अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासायला लागायचे. समईसाठी वात वळावी, तसे. वात कधी तयार होत नव्हती, बोटं वळतच राहायची.

"काकाजी, हाथ के कई वेग्यो?" जनाबाईने विचारलं. जनाबाई त्याच्याकडे शेतात असायची आणि संध्याकाळी दोन भाकऱ्याही टाकून जायची.

"काही नाही. सवय लागली आहे."

"कशाकी सवय?"

दिवाकरने उठून पुन्हा दाताळं हातात घेतलं. हात लगेच गप्प झाला, मास्तर वर्गात आल्यासारखा.

इंदूरजवळच्या बेटम्यावरून आत गेलं की लागणाऱ्या त्या गावात मराठी घर हे एकच. दिवाकरचे आजोबा होळकरांच्या काळात मास्तर म्हणून आले, पेन्शनीत जमीन घेऊन बसले, आणि परत जायचं राहून गेलं. आता त्या घरात दिवाकर होता आणि एक म्हैस होती. मराठी बोलायला म्हशीशिवाय कुणी नव्हतं, आणि तिला मालवीच कळत होती.

बायको प्रमोदिनी पुण्याला. मुलाला, जयेशला, मुलगा झाला, तेव्हा ती दोन महिन्यांसाठी गेली. नातवाचं नाव देवांश. देवांश आता पळत होता.

रोज सकाळी तिचा फोन यायचा.

"कॅप्सूल घेतली?"

"घेतली."

"खाली पेट?"

"खाली पेट."

"मग आता पोहे खा. सेव जास्ती नका टाकू."

पोहे खाल्ल्याशिवाय त्या मुलखात सकाळ झाली असं कुणी मानत नाही, आणि पोह्यांवर ढीगभर सेव, बाजूला जिलबी. मग आंबट ढेकर. मागे कधीतरी फार ढेकर आले, तेव्हा कुणा डॉक्टरने पंधरा दिवसांसाठी गॅसची कॅप्सूल लिहून दिली होती. ते पंधरा दिवस काही संपले नव्हते. कॅप्सूल संपत आली की मेडिकलवर जायचं, रिकामी पट्टी दाखवायची, नवी घ्यायची. गावात निम्मे लोक हेच करत होते. फोनवर बाकी काही बोलायला फारसं नसायचं, म्हणून दिवाकर कॅप्सूल नेमाने घ्यायचा. निदान तेवढा एक प्रश्न असा होता ज्याला तो खरं उत्तर देऊ शकत होता.

नवरात्रात देवीच्या ओट्यासमोर भंडारा झाला. दाल-बाफले, म्हणजे डाळ आणि तुपात भिजवलेले कणकेचे भाजके गोळे. तुपाची पळी दरवर्षी दिवाकरकडे असे. ही लहानसहान गोष्ट नव्हती. मालव्यात नुसतं तूप वाढून चालत नाही, मनुहार करावी लागते. पाहुणा पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरून "बस, बस" म्हणणार, आपण पळी तशीच वर धरून "अरे, थोडंसं तरी" म्हणणार, आणि ही ओढाताण दोघांना समाधान होईपर्यंत चालणार. दिवाकरची मनुहार प्रसिद्ध होती. मराठी माणूस असून असा आग्रह करतो, याचं लोकांना कौतुक होतं.

यंदा पळी भरताना हात शहाणा होता. ओतताना शहाणा होता. पण मनुहारीसाठी पळी वर धरून तो थांबला, आणि हाताला वाटलं काम संपलं. हात हलायला लागला. पाहुणा "बस" म्हणायच्या आधीच तूप बाफल्यावर, डाळीत, मनगटावर आणि एकाच्या नव्या पायजम्यावर.

पायजमेवाला सोडून कुणी तक्रार केली नाही. उलट बातमी पसरली. पलीकडच्या पंगतीतले लोक उठून दिवाकरच्या पंगतीत येऊन बसायला लागले. एकाने आपली पत्रावळ उचलून आणली. दिवाकरने आयुष्यात एवढी लोकप्रियता पाहिली नव्हती.

शेवटी तुपाचा डबा हलका लागायला लागला, तेव्हा नीरज आला. नीरज शेजारच्या शेताचा, तरुण, भंडाऱ्याची व्यवस्था त्याच्याकडे. त्याने हळूच पळी काढून घेतली.

"काकाजी, आप बैठो. आप तो बुजुर्ग हो."

"रहने दे ना काकाजी को!" पंगत ओरडली.

"बैठूं काय? काम दे काही."

नीरजने इकडेतिकडे पाहिलं आणि काकडी-कांद्याचं ताट त्याच्या हातात दिलं. दिवाकर पंगतीतून काकडी वाढत गेला. काकडीची मनुहार कुणी करत नाही.

मग गावाने निदान करायला घेतलं. कुणी म्हणालं मोबाइल. कुणी म्हणालं दारू. दिवाकर पीत नव्हता, त्यामुळे लोकांनी ठरवलं की चोरून पीत असणार. एका कचेरीत जमिनीच्या कागदाच्या नकलेसाठी गेला, तर तिथे त्याचा हात बाबूच्या टेबलावर अंगठा बोटावर घासत राहिला. पैशाची खूण जगभर तीच आहे. बाबूने एवढ्या नोकरीत ही खूण फक्त स्वतः केली होती, समोरून झालेली पाहिली नव्हती. तो इतका गोंधळला की काम लगेच झालं.

हे सांगायला दिवाकरला कुणीतरी हवं होतं. त्याने म्हशीला सांगितलं. म्हैस रवंथ करत राहिली.

जयेशच्या कानावर नीरजने घातलं, आणि त्याने फोनवरूनच शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नंबर लावून दिला. तिथल्या डॉक्टरांनी बोटं उघड-मीट करायला लावली, मनगट फिरवून पाहिलं, लिहायला सांगितलं. दिवाकरने स्वतःचं नाव लिहिलं. 'दि' मोठा आला, पुढची अक्षरं बारीक होत गेली आणि 'डे' मुंगीएवढा झाला.

"चलके बताइए."

तो कॉरिडॉरमध्ये चालला. डावा हात मागेपुढे झाला. उजवा अंगाला चिकटून आला, पाहुण्यासारखा.

"कोई दवाई चलती है?"

"नहीं."

"शुगर, बीपी?"

"कुछ नहीं," दिवाकर जरा अभिमानाने म्हणाला.

"पार्किन्सन लग रहा है."

दिवाकर 'लग रहा है' या शब्दांपाशी थांबला. पाऊस लग रहा है, तसं. पण डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, पुढची तारीख दिली आणि पुढचा पेशंट आत आला.

बाहेरच्या बाकावर बसून त्याने जयेशला फोन लावला. पलीकडे कीबोर्डचा आवाज.

"बाबा, एक मिनिट. वाचतोय." बराच वेळ टकटक. "बाबा, मी आईला पाठवतो."

दिवाकरने फोन खाली ठेवला. बोटं मांडीवर वात वळत होती. एवढ्या दिवसांत जे त्याला कधी मागता आलं नव्हतं, ते या बोटांनी न मागता आणून दिलं.

प्रमोदिनी आली ती दारातूनच त्याचा हात पाहत आली. पिशवी खाली ठेवली, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. हात थोडा वेळ थांबला, मग तिच्या तळव्यात पुन्हा सुरू झाला.

"दुखतं का हो?"

"नाही गं. नुसतं हलतं."

"फोनवर बोलला नाहीत."

"तू कॅप्सूलचं विचारायचीस."

त्या रात्री तिने वरण-भात केला. दिवाकरने तीनदा वाढून घेतला. वरणाला हिंग जास्त झाला होता.

बटाट्याची लावणी आली. दोघं ओट्यावर पोतं अंथरून बियाणं कापायला बसायची, समोर जनाबाई. प्रत्येक फोडीला डोळा राहिला पाहिजे, कापलेली बाजू राखेत बुडवली पाहिजे. प्रमोदिनीचे हात कोपरापर्यंत राखाडी. दिवाकर चाकू खाली ठेवतच नव्हता. नव्या गोळ्यांनी त्याला मळमळायचं, हात होता तसाच होता, पाय उलट जड झाल्यासारखा वाटायचा. पण घरात कुणीतरी मराठीत ओरडत होतं, "अहो, तो सडका आहे, बाजूला टाका!" आणि त्याला ते फार बरं वाटत होतं. डोक्यात आलं, आजार असाच राहिला तर वाईट काय आहे? मग या विचाराची लाज वाटली. मग त्याने आणखी एक बटाटा कापला.

रविवारी जयेशचा व्हिडिओ कॉल. तो तयारीने बसला होता.

"बाबा, जमीन नीरजला बटाईवर द्या, अर्ध्या वाट्याने. यंदाची लावणी होऊन जाऊ दे, पुढे तो करेल. तुम्ही दोघं इकडे या. बाराव्या मजल्यावर हवा मस्त आहे. लिफ्ट आहे."

"लिफ्ट कशाला? मला जिना चढता येतो."

"आत्ता येतो, बाबा."

पडद्याच्या कोपऱ्यात सून अनुश्री देवांशच्या मागे वाटी घेऊन पळताना दिसली. प्रमोदिनीची मान त्या कोपऱ्याकडे वळली.

"पण त्याआधी सेकंड ओपिनियन घेऊ," जयेश म्हणाला. "मी मिक्सर घेताना तीन ओपिनियन घेतली होती. इंदूरलाच, पलासियात, एक चांगल्या डॉक्टर आहेत. मराठी आहेत."

"आणि त्या म्हणाल्या की नाही आहे, तर?" दिवाकरने विचारलं.

"मग तर बेस्ट! आई परत येईल, तुमचं तुमचं सगळं चालू."

दिवाकरने हिशोब केला. आजार आहे म्हटलं तर जमीन जाणार. आजार नाही म्हटलं तर बायको जाणार. ओपिनियन दोनच होती आणि दोन्ही त्याच्या विरुद्ध होती.

पलासियातल्या डॉक्टर सुरभी तरुण होत्या, नुकत्याच महाराष्ट्रातून आलेल्या. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ होतं की दिवाकर आणि प्रमोदिनी दोघंही ताठ बसली. त्यांनीही बोटं, मनगट, चालणं, नाव लिहिणं, सगळं केलं. दिवाकरने या वेळी 'डे' मोठा काढायचा प्रयत्न केला. जमला नाही. डावा हातही त्यांनी बराच वेळ फिरवून पाहिला.

"दुसरी कुठली औषधं चालू आहेत?"

"कुठलीच नाहीत."

"बरं. मग सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते सांगा. चहासुद्धा."

दिवाकरला हा प्रश्न आवडला. असं कुणी विचारलं नव्हतं. "उठलो की गरम पानी. मग कॅप्सूल. मग चहा. मग पोहे, त्यावर सेव, जिरावन मसाला. जिलबी रोज नाही."

"कॅप्सूल कसली?"

"गॅसची."

"औषध नाही म्हणालात ना?"

"ते औषध थोडंच आहे?" दिवाकर मनापासून म्हणाला. "ती पोह्यांआधीची आहे."

प्रमोदिनीने पर्स उघडून पट्टी काढली. ती प्रवासातही त्याची कॅप्सूल जवळ ठेवायची. डॉक्टरांनी पट्टी उलटी केली, बारीक अक्षरं वाचली, दिव्याकडे धरून पुन्हा वाचली.

"किती दिवस घेताय?"

दिवाकरने प्रमोदिनीकडे पाहिलं. प्रमोदिनीने पट्टीकडे.

"वर्षं झाली," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पट्टी टेबलावर ठेवली. "यातलं एक औषध पोटासाठी आहे, पण बरेच महिने घेतलं तर काही लोकांना हुबेहूब असाच त्रास होतो. हात हलणं, चाल मंद होणं."

"म्हणजे पार्किन्सन नाही?"

"तसं म्हणत नाही. कॅप्सूलमुळे असेल, तर ती बंद केल्यावर हळूहळू कमी होईल. पार्किन्सनच असेल, तर राहील. कधीकधी आत आजार असतो आणि अशा औषधाने तो लवकर वर येतो. आज मला नक्की सांगता येणार नाही. ही बंद करा. त्या नव्या गोळ्यांचं मी लिहून देते, तसं करा. मग तीन-चार महिने वाट बघायची. वेळ जास्तही लागू शकतो."

"तोपर्यंत कुणालाच सांगता येणार नाही?"

"नाही."

"तुम्हालाही नाही?"

"मलाही नाही. सॉरी."

"सॉरी कशाला!" दिवाकर म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. एकाच वेळी ना जमीन जाणार होती, ना बायको. "छान झालं. फारच छान."

डॉक्टर सुरभींनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मग कागदावर आणखी काहीतरी लिहिलं.

परतताना बसमध्ये प्रमोदिनी खिडकीकडे तोंड करून बसली. राजवाडा गेला, धार रोड लागला. बेटमा जवळ आलं तेव्हा म्हणाली, "मीच रोज विचारत होते. घेतली का, घेतली का."

"तू विचारायचीस म्हणून तर मी उठायचो."

"मीच तुम्हाला..."

"अगं, पंधरा दिवसांची होती. वाढवली मी. मला ढेकर येतच नव्हते, कधीचेच."

ती वळली. "मग कशाला घेत होतात?"

"फोनवर सांगायला पाहिजे ना काही," दिवाकर म्हणाला.

तिने पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. पण हात त्याच्या मांडीवर ठेवला, त्याच्या हातावर, आणि दाबून धरला.

जयेशने फोनवर विचारलं, "मग फायनल काय, बाबा?"

"फायनल नाही."

"असं कसं नाही?"

"नाही म्हणजे नाही. होळीनंतर बघू. तोवर बटाईचं राहू दे, आई इथे राहू दे."

ते दिवस दिवाकरला सणासारखे गेले. बटाटा वर आला. सऱ्यांमधून मातीची भर लावायची होती, पाणी द्यायचं होतं. पाय थोडा हलका झाला असं त्याला वाटायचं. हाताचं काही सांगता येत नव्हतं. एखादा दिवस गप्प, एखादा दिवस पुन्हा वाती. जनाबाई रोज सकाळी हात पाहून अंदाज सांगायची, रेडिओवर हवामान सांगतात तसा, आणि तेवढाच चुकायचा.

मग हळूहळू दिवाकरला दिसायला लागलं.

प्रमोदिनी जेवताना फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची. पडद्यात देवांश. ती घास उचलून आधी पडद्याकडे न्यायची, "आ कर, आ कर," आणि मग स्वतः खायची. देवांश पडद्यातून हात बाहेर काढायला बघायचा. एकदा त्याने तिकडचा फोनच आपटला, आणि इकडे अंधार झाला. ती त्या अंधाराला "अले अले, लागलं का लाजाला?" म्हणत बसली. अनुश्रीची सुट्टी संपली होती, बाई ठेवली होती, बाईच्या हातून तो खात नव्हता. प्रमोदिनी यातलं काही बोलत नव्हती. भाजीत तिखट कमी पडायला लागलं, लहान मुलाच्या बेताने.

एका दुपारी दिवाकर पाणी प्यायला शेतातून घरी आला. ती पलंगावर मांडी घालून बसली होती, मांडीवर उशी, डोळे भिंतीवर. आणि हाताने उशीला थोपटत होती. लयीत, न थांबता. देवांशची झोपायची वेळ झाली होती. तिला कळतही नव्हतं की हात चालू आहे.

दिवाकर दारात उभा राहिला. त्याला त्या हातातलं सगळं समजत होतं. त्यावर कुठल्या कॅप्सूलचं नाव छापलेलं नव्हतं, आणि सेकंड ओपिनियनची गरज नव्हती. तो पाणी न पिताच परत शेतात गेला, आणि अंधार पडेपर्यंत ज्या सरीला भर लावून झाली होती तिलाच पुन्हा लावत राहिला.

संध्याकाळी म्हणाला, "हात बरा झालाय."

"हो?" ती पीठ मळत होती.

"कॅप्सूलच होती. आता मला कळतं ना. हे बघ." त्याने भरलेली कळशी उजव्या हाताने उचलून दाखवली. मग खाली ठेवून ताबडतोब दुसरी उचलली. दुसरी ठेवून पाट उचलला. उचलण्यासारखं काही राहिलं नाही, तेव्हा पाट धरूनच उभा राहिला.

ती बराच वेळ पाटाकडे पाहत होती.

"खरंच?"

"माझा हात मला नाही कळणार? तू जा. डॉक्टरकडे जायचं तेव्हा ये. इथे तू काय करणार, बटाटे मोजणार?"

पिठाचा गोळा तिने परातीत दोनदा आपटला. "कुकर कुठे ठेवलाय ते जनाबाईला दाखवून जाते," ती म्हणाली.

नीरजने त्यांना आपल्या गाडीतून इंदूरला आणलं. पुण्याच्या बसला अजून वेळ होता. ऊन उतरत होतं, रस्त्यावर हॉर्न, वडे तळल्याचा वास. प्रमोदिनीजवळ एक मोठी बॅग आणि अनुश्रीसाठी घेतलेलं लवंग घातलेल्या सेवचं पाकीट. पुण्यात सगळं मिळतं, पण तशी सेव मिळत नाही, असं अनुश्री म्हणायची. बॅग दिवाकरच्या उजव्या हातात होती. जड होती, म्हणून त्याला आवडली होती.

क्लीनरने डिकी उघडली. "बाबूजी, बैग दो."

"थांब. बस निघू दे."

"निकल ही रही है. बैग दो ना, भिया!"

दिवाकरने बॅग दुसऱ्या बाजूला वळवली. क्लीनरने पट्टा धरला. दोघं दोन्हीकडून ओढू लागले. मागचे प्रवासी पाहायला लागले. कुणी म्हणालं, "चोर है क्या?"

"अहो," प्रमोदिनी म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्या मनगटाकडे पाहत होती.

तिने बॅग त्याच्या हातून हळूच सोडवली आणि क्लीनरला दिली. दिवाकरचा हात मोकळा झाला आणि खाली आला. तो कुठे लपवावा हे त्याला सुचण्याआधीच तिने सेवचं पाकीट त्याच्या त्या हातात ठेवलं. वरून त्याची बोटं मिटवली, एकेक करून.

"हे धरा," ती म्हणाली.

मग ती चढली. खिडकीतून काही बोलली ते काचेमुळे ऐकू आलं नाही. बस वळली, सिग्नलपाशी थांबली, आणि गेली.

नीरज गाडीची चावी फिरवत आला. "अरे काकाजी! काकीजी सेव तो यहीं भूल गईं."

"भूली नहीं."

नीरजने पाकीट मागच्या सीटवर ठेवायला हात पुढे केला. दिवाकरने दिलं नाही.